भिंत रंगवण्याआधी दार बघा

एचआयव्हीची चाचणी मोफत होते, गोपनीय असते. तरी त्या खोलीत पाऊल टाकायला लोक घाबरतात. डिझाइन शिकणाऱ्यांनी मनावर घेतलं तर ही खोली बदलू शकते. त्यासाठी पैसे कसे उभे करायचे, ते कशावर खर्च करायचे आणि कशावर अजिबात करायचे नाहीत, याची ही गोष्ट.

समजा, तुम्हाला एचआयव्हीची चाचणी करून घ्यायचीय. कारण काहीही असू दे. लग्न ठरलंय, नवं नातं सुरू झालंय, किंवा मागच्या महिन्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तुम्ही जवळच्या सरकारी रुग्णालयात जाता. गेटवरच्या सिक्युरिटी काकांना 'आयसीटीसी कुठं आहे?' हे किती हळू आवाजात विचारायचं, याची प्रॅक्टिस तुम्ही रिक्षातच केलेली असते. काका म्हणतात, 'काय?' तुम्ही पुन्हा विचारता. मग काका हात लांब करून, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, 'एचआयव्ही ना? सरळ जा. एक्स-रेच्या शेजारी लाल रिबिनीचा बोर्ड आहे.'

तुम्ही जाता. बोर्ड खरंच मोठा आहे. बोर्डाखाली बाक आणि बाकाच्या बरोबर समोर एक्स-रेची रांग. त्या रांगेत तुमच्या सोसायटीतल्या काकू नसतील कशावरून? समुपदेशनाच्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन आहे, पण ते छतापर्यंत गेलेलं नाही. आत कुणीतरी बोलतंय. शब्द नीट कळत नाहीत, पण आवाज कळतोय. आपलंही बोलणं असंच बाहेर येणार, हे तुमच्या लक्षात येतं. तुम्ही मोबाइल कानाला लावता आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखं करत बाहेर पडता.

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण असा बोर्ड, असा बाक आणि असं अर्धवट पार्टिशन तुम्ही कुठल्या ना कुठल्या जुन्या इमारतीत पाहिलेलं असणार. आता यात चुकलं कोण ते बघा. आतली मंडळी कामावर होती. किट तयार होतं. एक रुपयाही लागणार नव्हता. सगळं अडलं ते बोर्ड, बाक आणि पार्टिशन या तीन गोष्टींपाशी. आणि या तीन गोष्टींचा अभ्यास डॉक्टर करत नाहीत. इंटिरियर, प्रॉडक्ट आणि ग्राफिक डिझाइनची मुलं करतात.

पुढचं सगळं तयार आहे

या एका दाराला इतकं महत्त्व का द्यायचं? कारण दाराच्या पलीकडे बरंच काही बदललंय आणि बाहेर आपल्याला ते फारसं माहीतच नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे 'नॅको'च्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत. राज्यांमध्ये सर्वांत जास्त संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. भारतात सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी औषधं द्यायला सुरुवात झाली ती १ एप्रिल २००४ ला. तेव्हा प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच औषधं सुरू होत. २०१७ पासून धोरण बदललं. आता निदान झालं की लगेच उपचार. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेतली की रक्तातल्या विषाणूचं प्रमाण इतकं खाली येतं की तपासणीत दिसत नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही.

म्हणजे औषध आहे, ते मोफत आहे आणि ते काम करतं. पण हे सगळं सुरू होतं ते आपल्याला लागण झालीय की नाही हे कळल्यावर. आणि ते कळतं त्या एक्स-रेशेजारच्या खोलीत.

१ डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे पोस्टर स्पर्धा होते, रॅली निघते, रेड रिबन क्लबवाले पथनाट्य बसवतात. त्यात वाईट काही नाही. पण जागृती होऊन एखादा मुलगा खरोखर चाचणीला गेला आणि दारातून परत आला, तर त्या पोस्टरचा उपयोग काय झाला?

डिझाइनवाले इथं नवे नाहीत

एचआयव्ही आणि डिझाइन यांचं नातं जुनं आहे. आपण पिन लावून मिरवतो ती लाल रिबीन हीच एक डिझाइनची वस्तू आहे. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये 'व्हिज्युअल एड्स' या संस्थेशी जोडलेल्या कलाकारांच्या गटानं ती तयार केली. तेव्हा अमेरिकेत आखाती युद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी लोक पिवळ्या रिबिनी बांधत होते. त्यावरून ही कल्पना सुचली. कलाकारांनी तिच्यावर कुठलाही हक्क ठेवला नाही. कुणीही रिबिनीचा तुकडा कापावा, दुमडावा आणि पिनेनं लावावा, इतकी ती सोपी ठेवली. ती जगभर पोचली यात या सोपेपणाचा वाटा मोठा आहे.

त्याच्या चारेक वर्षं आधी, १९८७ च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या भिंतींवर एक काळं पोस्टर लागलं होतं. मध्ये गुलाबी त्रिकोण आणि खाली दोनच शब्द, 'सायलेन्स = डेथ'. हा त्रिकोण म्हणजे नाझींनी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर लावलेली खूण. पोस्टर करणाऱ्या सहा जणांनी तो उलटा फिरवून टोक वर केलं आणि अपमानाची खूण लढ्याची खूण झाली. टायपोग्राफीच्या तासाला हे पोस्टर कुणी दाखवलं नसेल तर स्वतः शोधून बघा.

पण चिन्ह आणि पोस्टर यांच्या पुढचं एक पाऊल असतं, ते म्हणजे पैसा. न्यूयॉर्कमध्येच १९८४ साली 'डिझाइन इंडस्ट्रीज फाउंडेशन फायटिंग एड्स', थोडक्यात 'डिफा', ही संस्था सुरू झाली. फर्निचर, कापड, इंटिरियर अशा धंद्यांतली माणसं त्या काळात एकेक करून आजारी पडत होती, मरत होती. त्यांच्या सहकाऱ्यांनीच ती काढली. तिचा गाजलेला उपक्रम म्हणजे 'डायनिंग बाय डिझाइन'. डिझायनर आणि कंपन्या जेवणाच्या टेबलाभोवती एक अख्खं दृश्य उभं करतात, लोक ते बघायला येतात, टेबलं विकत घेऊन जेवतात आणि जमलेले पैसे एड्सवर काम करणाऱ्या संस्थांना जातात. मोठमोठ्या नावांच्या बरोबरीनं डिझाइन कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही तिथं टेबल सजवायला मिळतं.

आपल्याला त्यांचं टेबल उचलून इकडे आणायचं नाहीये. पण ते पैसे मागतात कुणाकडे, हे बघण्यासारखं आहे. ते आपल्याच व्यवसायातल्या लोकांकडे मागतात. तुमच्या साइट व्हिजिटला ओळखीचा झालेला प्लायवाला, टाइल्सच्या शोरूमचे मालक, रंगाच्या कंपनीचा डीलर, दिव्यांचा घाऊक व्यापारी. उद्या तुम्ही नोकरीला लागलात की हेच लोक तुमच्याकडे ऑर्डरसाठी येणार आहेत. आज तुम्ही त्यांच्याकडे सहा शीट प्लाय मागायला गेलात, तर बरेच जण नाही म्हणणार नाहीत. रोख देणगीपेक्षा वस्तू मिळवणं कितीतरी सोपं असतं.

म्युरलचा मोह आवरा

आता मुद्द्यावर येऊ. सोशल प्रोजेक्ट म्हटलं की आपल्याला पहिली सुचते ती भिंत. चला, म्युरल करू! दोन दिवसांत होतं, सगळ्या ग्रुपला काम मिळतं, फोटो भारी येतात. पण एचआयव्ही चाचणी केंद्राच्या बाहेर मोठ्ठं रंगीत म्युरल काढलं की काय होईल? लांबूनच सगळ्यांना कळेल की इथं काय चालतं. ज्याला कुणी बघू नये असं वाटतंय, त्याच्यासाठी ते दार आणखी अवघड होईल.

म्हणून आधी टेप घेऊन मापं काढायला जाऊ नका. आधी तिथल्या लोकांशी बोला. समुपदेशक, लॅब टेक्निशियन, सिस्टर, आणि हो, सफाई करणाऱ्या मावशीसुद्धा. खोलीत पाणी कुठून झिरपतं आणि कुठल्या दाराची कडी लागत नाही, हे मावशींना सगळ्यांत आधी माहीत असतं. केंद्र वापरणाऱ्यांना मात्र तिथल्या बाकावर गाठून प्रश्न विचारू नका. त्यापेक्षा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांकडे जा. महाराष्ट्रात 'एनएमपी प्लस' आहे. मुंबईत १९९४ पासून काम करणारा 'हमसफर ट्रस्ट' आहे. सांगलीकडे 'संग्राम' आहे. चाचणीला जाताना पोटात गोळा कधी आला, हे तिथं तुम्हाला नीट सांगणारी माणसं भेटतील.

मग खोलीत एकेक गोष्ट बघत जा.

पाटी. केंद्र सापडायला तर हवं, पण आत जाणाऱ्यावर शिक्का बसायला नको. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि खरी डिझाइनची गंमत इथंच आहे. गेटपासूनच साधे खोली क्रमांक आणि बाण लावले, मदतीच्या नंबरासोबत पत्रकावर 'खोली क्रमांक अमुक' असं छापलं, तर कुणाला काही विचारावंच लागत नाही. नावानंही फरक पडतो. नॅकोनं अलीकडे सुरू केलेल्या केंद्रांना 'संपूर्ण सुरक्षा केंद्र' म्हणतात. या नावात आजाराचा उल्लेखच नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

बाक. समोरासमोर दोन बाक ठेवले की लोक एकमेकांचे चेहरे बघत बसतात. तेच बाक एका दिशेला वळवले, मध्ये एक उंच कपाट किंवा जाळीचा आडोसा आणला, तर तेवढ्याच जागेत श्वास घ्यायला जागा मिळते. नाव पुकारण्याऐवजी टोकन दिलं तर आणखी बरं. छापील टोकनांना खर्च किती येतो? तुमच्या एका सबमिशनच्या प्रिंटआउटपेक्षा कमी.

पार्टिशन. पैसे कमी असतील आणि एकच काम करता येणार असेल तर हे करा. समुपदेशन करताना दिसण्याची आणि ऐकू येण्याची, दोन्ही प्रकारची गोपनीयता हवी, हे सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. छताला न टेकलेलं पार्टिशन पहिली पाळतं, दुसरी नाही. आवाज फटीतून जातो. त्यामुळे पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, दोन बोर्डांच्या मध्ये आवाज शोषणारा थर भरा, दाराच्या कडेला रबराची पट्टी लावा. अकूस्टिक्सच्या तासाला शिकलेलं तुम्हाला आयुष्यात दुसरीकडे कुठं इतकं उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

टेबल. समुपदेशक पलीकडे आणि आलेला माणूस अलीकडे, मध्ये सनमायकाचं मोठं टेबल, अशी मांडणी साहेबाच्या केबिनसारखी वाटते. खुर्च्या काटकोनात ठेवल्या की दोघांनाही हवं तेव्हा एकमेकांकडे बघता येतं आणि नको तेव्हा नजर दुसरीकडे वळवता येते. हाताशी टिश्यूचा डबा हवा. भिंतीवरचं घड्याळ समुपदेशकाला दिसावं, म्हणजे समोरचा बोलत असताना मनगटाकडे बघावं लागत नाही. आणि एक कुलूपबंद कपाट. नोंदवह्या टेबलावर उघड्या पडल्या तर बाकीच्या गोपनीयतेला काय अर्थ राहिला?

प्रकाश. बोलायच्या खोलीत डोळ्यांवर येणारी ट्यूब नको. पण रक्त घेतात तिथं आणि किटवरची बारीक रेघ वाचतात तिथं भरपूर पांढरा प्रकाश हवाच. एकाच खोलीत दोन प्रकारचे दिवे, दोन वेगळ्या बटणांवर.

आणि काही गोष्टींना हात लावायचा नाही. रक्त घेतात त्या खोलीतले पिवळे, लाल, पांढरे आणि निळे डबे तुमच्या कलर पॅलेटमध्ये बसत नसतील तरी ते तसेच राहणार. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ते रंग ठरवलेत. सुया कुठल्या डब्यात, काच कुठल्या डब्यात, हे त्या रंगांवरून कळतं. तसंच किट ठेवायच्या फ्रिजचं. तो खोलीत शोभत नाही म्हणून उन्हाच्या खिडकीपाशी सरकवायचा नाही. तिथल्या भिंती आणि जमीन धुता येतील अशाच हव्यात. टेक्स्चर पेंट नको.

सरकारी इमारतीत भिंत पाडणं, दार हलवणं अशी कामं बांधकाम विभागाच्या परवानगीशिवाय होत नाहीत आणि परवानगी मिळेपर्यंत तुमचं सेमिस्टर संपतं. त्यामुळे विद्यार्थ्यांनी सुट्या वस्तूंपासून सुरुवात केलेली बरी. खुर्च्या, आडोसे, कपाटं, दिवे, पाट्या. यातलं बरंच काही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनतं.

पैसे जमवताना

प्लॅन झाला, ड्रॉइंग झाली, आता पैसे. इथं उत्साहाच्या भरात सगळ्यात जास्त घोळ होतात.

पहिली गोष्ट, कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर पैसे घ्यायचे नाहीत. ग्रुपमधला कितीही प्रामाणिक असो. केंद्र एखादी संस्था चालवत असेल तर पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत. संस्थेकडे ८०जी नोंदणी असेल तर देणाऱ्याला करसवलतीची पावतीही मिळते. फक्त लक्षात ठेवा, २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. केंद्र सरकारी रुग्णालयात असेल तर तिथली रुग्ण कल्याण समिती देणगी घेऊ शकते. अधीक्षकांना भेटा, लेखी पत्र द्या, लेखी होकार घ्या.

दुसरी गोष्ट, परदेशातून येणारे पैसे. अमेरिकेत स्थायिक झालेला मामा 'पाठवतो रे शंभर डॉलर' म्हणाला की आपण खूश होतो. पण मामानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी ठरतो आणि एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच तो स्वीकारता येतो. आधी संस्थेला विचारा, मग मामाला हो म्हणा.

तिसरी गोष्ट, जे येतं तेच विका. आपल्याकडे दिवाळीच्या आधी आकाशकंदील करून विकणारी, पाडव्याला छोट्या गुढ्या करणारी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात. वर्षाखेरीच्या डिझाइन शोमध्ये लोक येतातच, तिथं प्रिंट्स, वह्या, सिरॅमिकचे मग ठेवा. प्रत्येक वस्तूला खर्च किती आणि केंद्राला किती, हे तिच्या शेजारीच लिहा. 'तुमच्या २०० रुपयांतून दाराची रबरपट्टी येते' असं स्पष्ट दिसलं की देणारा विचार करून देतो. शेवटी जमा-खर्चाचा एक कागद सगळ्यांना पाठवा. तीन सुतारांची कोटेशन्स त्याला जोडा. पुढच्या बॅचला पैसे मागायचे असतील तर तोच कागद कामी येणार आहे.

रील करण्याआधी

फंडरेझिंग म्हटलं की रील आलं. आणि इथं खरा धोका आहे.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. चाचणीसाठी माणसाची समजून-उमजून दिलेली संमती हवी, त्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि शिक्षण, नोकरी, घर, उपचार यांत त्याच्याशी भेदभाव करता येत नाही, असं हा कायदा सांगतो. आता विचार करा. तुम्ही 'बिफोर' शॉट घेताय, मागं बाकावर कुणीतरी बसलंय, चेहरा ब्लर केलाय. पण शर्ट तोच, बॅग तीच, लोकेशन टॅग केलेलं. ओळखणारा ओळखतोच. त्या माणसाची चाचणी निगेटिव्ह आली असेल, कदाचित तो फक्त पत्ता विचारायला थांबला असेल. नुकसान व्हायचं ते होतंच.

म्हणून नियम सोपा ठेवा. फोटो केंद्र बंद असताना काढायचे. त्यात माणूस नको, नोंदवही नको, नावांचा फळा नको. केंद्राचं नाव आणि पत्ता सांगायचा की नाही, हे केंद्र ठरवेल. खोलीचं छोटं मॉडेल करा, आधीचा आणि नंतरचा प्लॅन शेजारी ठेवा. डिझाइनवाल्यांना माणसाचं दुःख दाखवल्याशिवायही गोष्ट सांगता यायला हवी.

कीव वाटेल असा मजकूरही टाळा. 'या बिचाऱ्यांसाठी' असं लिहिलंत की वाचणारा स्वतःला त्यातून वगळतो. चाचणी केंद्र 'त्यांच्यासाठी' असतं असं ज्याला वाटतं, तो स्वतः कधी चाचणीला जात नाही. ते आपल्या सगळ्यांसाठी आहे, हेच तर सांगायचंय.

खोली सुंदर, पण उघडी आहे का?

शेवटची गोष्ट थोडी कटू आहे, पण पैसे मागायला निघण्याआधी माहीत असलेली बरी.

२०२१ मध्ये हैदराबादला 'मित्र क्लिनिक' सुरू झालं. ट्रान्सजेंडर समुदायासाठी आणि समुदायातल्याच लोकांनी चालवलेलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. दारात स्वागताला बसलेली व्यक्ती आपल्यातलीच असेल तर किती फरक पडतो, हे वेगळं सांगायला नको. एचआयव्ही चाचणीपासून हार्मोन्सच्या सल्ल्यापर्यंत आणि मानसिक आरोग्यापर्यंत सगळं एका छताखाली. नंतर आपल्याकडे कल्याण आणि पुण्यातही अशी क्लिनिक सुरू झाली. या कामाला अमेरिकेच्या यूएसएआयडीचा पैसा होता. २०२५ च्या जानेवारीत तिकडच्या नव्या सरकारनं परदेशी मदत थांबवली आणि तिन्ही क्लिनिक बंद पडली. हैदराबादचं क्लिनिक पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं 'सबरंग' या नावानं पुन्हा उघडलं.

तिथं खुर्च्या होत्या, खोल्या होत्या, विश्वासही होता. थांबला तो दर महिन्याचा पगार. डॉक्टर, समुपदेशक, स्वागतिका, वीजबिल. हा खर्च फोटोत दिसत नाही, म्हणून त्यासाठी पैसे मागायला आपल्याला सुचतच नाही. रंग एकदा लावला की दोन-तीन वर्षं टिकतो, समुपदेशक मात्र दर महिन्याला लागतो.

मग विद्यार्थ्यांनी काय करायचं? पगार देणं आपल्या आवाक्यात नाही, हे खरंय. पण तुम्ही जमवलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येतो. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या बॅचनं केंद्रात जाऊन काय मोडलं, काय सैल झालं, याची यादी करायची आणि दुरुस्त करून द्यायचं, अशी पद्धत विभागात पाडता येते. कॉलेजच्या एनएसएस युनिटला किंवा रेड रिबन क्लबला सोबत घेतलं तर हे काम तुम्ही पास होऊन गेल्यावरही चालू राहतं. आणि कंपन्यांचा सीएसआर निधी मागायची वेळ आली, तर नूतनीकरणासोबत एका वर्षाच्या चालू खर्चाचा आकडाही प्रस्तावात लिहा. प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा सीएसआरच्या यादीत बसते.

जेजे असो, आयडीसी असो, लोणी काळभोरचं एमआयटी असो की तुमच्या तालुक्याच्या गावातला इंटिरियरचा डिप्लोमा असो. 'सोशल डिझाइन' नावाचं असाइनमेंट प्रत्येकाला कधी ना कधी येतंच. या वेळी काल्पनिक युजर आणि काल्पनिक गाव घेण्यापेक्षा दोन किलोमीटरवरची ती खोली घ्या. आणि डिझाइन करण्याआधी एक काम स्वतः करा. त्या दारातून एकदा चाचणीसाठी आत जाऊन या. कुठं पाय अडखळतो, ते त्याशिवाय कळणार नाही.

चौकट : चाचणीला गेल्यावर काय होतं?

● आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. जिल्हा रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत ही केंद्रं आहेत. चाचणी मोफत असते.

● आधी समुपदेशक बोलतात. तुमची संमती असेल तरच रक्त घेतात. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची संमती लागते.

● पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर तेवढ्यावर निदान करत नाहीत. आणखी दोन वेगळ्या प्रकारच्या किटनी खात्री केली जाते.

● निकाल समुपदेशक तुम्हालाच सांगतात, एकांतात.

● संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. म्हणून धोका अलीकडेच झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायला सांगतात.

● धोका होऊन ७२ तास उलटले नसतील तर वाट बघू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना 'पेप' औषधांबद्दल विचारा. ती जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

● काहीही विचारायचं असेल तर नॅकोची मोफत हेल्पलाइन : १०९७. नाव सांगावं लागत नाही.